हाताला बसलेली फौज

नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात लिंबाजी नावाचा म्हातारा कासार राहत असे. गावातल्या झाडून साऱ्या बायकांच्या मनगटांची मापं त्याला पाठ होती. बाईनं हात पुढे केला की तो पंजा हलकेच दाबायचा आणि म्हणायचा, "मागल्या सणापेक्षा हात वाळलाय तुझा. सासू जेवायला घालत न्हाई का?" बाई हसायची, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात कधी गेली ते तिला कळायचंही नाही.

कासाराच्या घरची एक रीत असते. बांगडी फुटली असं तिथं कुणी म्हणत नाही. फुटलेली बांगडी 'वाढली' म्हणायची. लिंबाजी ही रीत फार कसोशीनं पाळायचा. चुकून कुणाच्या तोंडून वेडावाकडा शब्द निघाला, तर तो हातातलं काम थांबवून आधी शब्द सुधारून घ्यायचा.

या गावाला एका खेळाचं वेड होतं. खेळाचं नाव फौजपान. चितारी लोक कापडाचे थर खळीनं चिकटवून गोल पानं करत, त्यांवर चित्रं रंगवत आणि वरून लाख चढवत. कुठल्या पानावर हत्ती, कुठल्यावर घोडा, कुठं शिपाई, कुठं तोफ, आणि कित्येक पानांवर नुसती विहीर. प्रत्येकानं आपल्या पसंतीची तीस पानं निवडायची. ती त्याची फौज. एकाची फौज दुसऱ्यासारखी नसे. बाजाराच्या दिवशी लोक भाजीच्या पाट्या खाली ठेवून आधी पानांची अदलाबदल करत.

खेळाचे नियम थोडे होते. प्रत्येकाचा एक बुरूज, तो ज्याचा आधी पडला तो हरला. आपली फौज बटव्यातून समोरच्याच्या हाती द्यायची. ती त्यानं पिसायची आणि आपल्याला पानं वाटायची. पान टाकताना त्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं. नाव एक आणि पान दुसरं निघालं, तर ते पान मेलं. आणि घोडा असो की हत्ती, तो मांडण्याआधी त्याच्यापुरत्या विहिरी मांडलेल्या असल्या पाहिजेत.

लिंबाजी या खेळातला गावचा पहिला गडी. त्याची सून सगुणा लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा तिनं एकदा भीतभीतच विचारलं, "मामंजी, मला शिकवाल?"

"आधी फौज बांधून आण," लिंबाजी म्हणाला. "मग बघू."

सगुणानं माहेरून आणलेली आणि इकडून तिकडून जमवलेली पानं पसरली. त्यांतले झाडून सारे हत्ती वेचले, तोफा घेतल्या, आणि विहिरी मात्र नावाला चार ठेवल्या. डाव सुरू झाला. सगुणाच्या हातात हत्तीच हत्ती, आणि एकही मांडता येईना. लिंबाजीच्या दोन शिपायांनी तिचा बुरूज पाडला.

"घरात न्हाई दाणा आन् म्हणं मला हवालदार म्हणा," म्हातारा खो खो हसला. "पोरी, हत्ती पोसायचा तर आधी पाणी लागतं."

सगुणाला राग आला. रागाच्या भरात तिनं पुढची फौज विहिरींनीच भरली. आता पाणी उदंड झालं आणि ते प्यायला कुणी नव्हतं. लिंबाजी पुन्हा हसला, पण या वेळी एकेका पानाचं नाव तिच्याकडून वदवून घेत त्यानं समजावून सांगितलं. कशाला किती पाणी पुरतं, कुठलं पान लवकर हाती यावं, कुठलं उशिरा आलं तरी चालतं. सगुणा कान देऊन ऐकत राहिली.

विहिरींचा मेळ बसला, तरी ती हरतच होती. तिच्या फौजेत एक मोराचं पान होतं. फार देखणं. तिच्या आजोळच्या चिताऱ्यानं ते खास तिच्यासाठी रंगवलं होतं. डावात मात्र मोर कुणाच्याच कामाचा नव्हता.

"तो मोर काढ," लिंबाजी म्हणाला.

"मामंजी, माझं लाडकं पान आहे ते."

"म्हणून तर म्हणतो. लाडकं हाय तर देव्हाऱ्यात ठेव. फौजेत त्याचं काय काम? पान घ्यायला कुणालाही येतं, पोरी. वगळायला शिकलीस की फौज बांधायला शिकलीस."

सगुणा दिवसभर फुगून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मोर काढला, त्या जागी एक साधा शिपाई घातला, आणि दुपारी पहिल्यांदा सासऱ्याला हरवलं. लिंबाजीला इतका आनंद झाला की आल्यागेल्या प्रत्येक बाईला तो सांगत सुटला, "आमच्या सूनबाईनं मला पाणी पाजलं बरं का!"

पुढे सगुणाची नजर तयार झाली. कुणाची फौज पाहिली की त्यातलं कुठलं पान कच्चं, ते तिला चटकन दिसे. तेव्हा एकदा तिनं लिंबाजीची फौज नीट निरखून पाहिली आणि ती चकितच झाली. अर्धीअधिक पानं झिजलेली. एका विहिरीची कड कुरतडलेली. एका हत्तीची लाख पापुद्र्यासारखी सुटलेली. आणि एक घोडा तर असा, की त्याच्या पायापाशी पानाचा तुकडाच उडालेला. त्याला सारे लंगडा घोडा म्हणत.

"मामंजी, हा लंगडा घोडा कशाला ठेवलात? बाजारात याच्यापेक्षा तेज घोडे मिळतात."

लिंबाजीनं तुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. "हाताला बसलंय ते."

सगुणा हसली. कासाराच्या तोंडी हा शब्द सारखा असायचा. नवी वहाण असो, पाण्याचा तांब्या असो, की सुनेनं थापलेली भाकरी असो, लिंबाजीला जे आवडलं ते 'हाताला बसलं'. म्हातारपणी जुन्या गोष्टींचा लळा लागतो, असं समजून तिनं तो विषय तिथंच सोडला.

लिंबाजीच्या आणखीही काही खोडी होत्या. दुकानात बांगड्यांच्या माळा ज्या खुंट्यांवर असत, त्यांची जागा कुणी बदललेली त्याला खपत नसे. हिरव्या डावीकडे, लाल मधे, निळ्या दाराशी. सगुणानं एकदा झाडलोट करताना दोन माळा इकडच्या तिकडे केल्या, तर शांत स्वभावाचा तो माणूस तिच्यावर खेकसला. तिला वाटलं, वय झालं, हेका वाढला.

एके दिवशी लिंबाजीच्या मुलानं, धर्मानं, नवा माल आणला आणि घाईत रिकाम्या दिसतील त्या खुंट्यांना अडकवला. दुपारी पाटलाची लेक चुडा भरायला आली. लग्नाची मुलगी, तिला हिरवा चुडा हवा. लिंबाजीनं मायेनं तिचा हात हाती घेतला, दोन गोष्टी सांगून तिला हसवलं, आणि दोन्ही मनगटांत निळ्या बांगड्या भरल्या. तेवढ्यात पाटलीणबाई आत आल्या आणि त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं. नवरीच्या हातात निळा चुडा! हा असला अपशकुन कुणी ऐकला होता का?

धर्मा शरमेनं काळवंडला. घरी येऊन तो सगुणाला म्हणाला, "आबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. लोक हसायच्या आत त्यांना गादीवरून उठवलेलं बरं."

"असं काय बोलता? त्या गादीवर त्यांचा जीव आहे. घरात बसवलं तर खंगतील ते."

"मग जत्रेचा डाव होऊ दे," धर्मा जरा नमला. "दरसाल जिंकतात ना? यंदाही जिंकले, तर डोकं शाबूत आहे असं समजेन. हरले तर गादीवर मी."

सगुणा विचारात पडली. सासऱ्याची गादी आता एका डावावर आली होती, आणि तो डाव खेळायला त्यांच्याजवळ काय होतं? कुरतडलेल्या विहिरी आणि लंगडा घोडा. ज्या माणसानं आपल्याला फौज बांधायला शिकवलं, त्याची फौज आपण बांधायची, असं तिनं मनाशी ठरवलं. त्याला विचारावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण विचारलं तर तो नको म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं विचारलं नाही.

जत्रेच्या सकाळी चितारी पाल ठोकून बसला होता. लिंबाजीचा बटवा गुपचूप घेऊन सगुणा तिथं गेली आणि आपली स्वतःची फौज त्याच्यापुढे ओतली. देव्हाऱ्यातला मोरसुद्धा. त्या बदल्यात तिनं सासऱ्यासाठी पानं वेचली, तीही एका जाणकार माणसानं वेचावीत तशी. विहिरींचा मेळ बिनचूक, घोडे तेज, हत्ती मोजके. आधी ती फक्त झिजलेली पानं बदलणार होती. पण नव्या कोऱ्या पानांत उरलेली जुनी पानं ठिगळासारखी दिसायला लागली, म्हणून तिनं तीही बदलली. बटव्यात तीसच्या तीस पानं नवी झाली. जुन्या पानांचं काय करू, असं चिताऱ्यानं विचारलं. "ठेवा तुम्हीच," ती उत्साहात म्हणाली. "भिजवून कापड तरी कामाला येईल."

देवळापुढच्या निंबाखाली घोंगडी अंथरली होती. लिंबाजीच्या समोर देवळाचा गुरव बापू बसला होता. हे दोघे तरुणपणापासूनचे भिडू. बापूला ढोल बडवायची सवय, म्हणून की काय, तो पानाची नावंही साऱ्या गावाला ऐकू जातील अशी पुकारायचा. लोक त्याची नक्कल करून हसत.

लिंबाजीनं बटवा बापूच्या हाती दिला. पानं बाहेर काढताना बापूचा हात जरा थबकला. त्यानं लिंबाजीकडे पाहिलं. पण सारा गाव भोवती जमला होता आणि धर्मा पुढेच उभा होता. बापूनं पानं पिसली आणि वाटली.

लिंबाजीनं आपली पानं उचलली आणि नेहमीसारखा कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. एकेका पानाची कड त्यानं सावकाश चाचपली, मग पान नाकाशी नेलं. ताज्या लाखेचा वास येत होता.

सगुणा घोंगडीला लागूनच उभी होती, हात लांबवला तर त्याच्या खांद्याला लागेल इतकी जवळ. नवी फौज पाहून मामंजी आता वळून आपल्याकडे बघतील, याची ती वाट पाहत होती.

लिंबाजीनं मान वर केली, तिच्या डोक्यावरून दूर कुठंतरी तोंड केलं, आणि हाक मारली, "सूनबाई, हायस का गं इथं?"

खुंट्या, माळा, निळा चुडा, लंगडा घोडा, सगळं सगुणाला एकदम कळलं. कासाराला दिसत नाही हे गावाला कळलं, तर काचेच्या बांगडीसाठी कुठली बाई त्याच्या हातात हात देईल? म्हणून म्हाताऱ्यानं आपलं आंधळेपण इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं. प्रत्येक पान तो त्याच्या जखमेवरून ओळखत होता. आणि तिनं त्याला एकही जखम नसलेली पानं आणून दिली होती.

"आहे, मामंजी," ती कशीबशी म्हणाली.

तिच्या आवाजावरून लिंबाजीलाही सगळं समजलं. ही पानं माझी नव्हेत, इतकंच तो बोलला असता तर डाव थांबला असता. पण मग कुणी बदलली, असं साऱ्या गावानं विचारलं असतं, आणि सून चारचौघांत चोर ठरली असती. तो म्हणाला, "बरं." आणि डावाला लागला.

"विहीर," त्यानं पुकारलं आणि हत्ती टाकला. पान मेलं. लोक हसले. "शिपाई," तो म्हणाला आणि तोफ टाकली. लोक आणखी हसले. कुणीतरी ओरडलं, "म्हातारा चळला की रं!" तिसरं पान त्यानं फार वेळ बोटांत धरलं. मग काही न पुकारताच ते घोंगडीवर पालथं ठेवलं आणि हात जोडले.

"बापू, डाव तुझा. आज हाताला काही लागंना."

सगुणा जत्रेतून धावत सुटली ती थेट चिताऱ्याच्या पालात. पण चिताऱ्यानं पानं केव्हाच घंगाळात भिजत घातली होती. रंग खरवडून झाला होता, लाख निघून गेली होती. तिनं ती ओली गोल कापडं पदरात घेतली आणि घरी आली. लिंबाजी ओसरीवर बसला होता. तिनं पदर त्याच्यापुढे मोकळा केला आणि ती हमसून हमसून रडू लागली.

म्हाताऱ्यानं एक ओलं कापड उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा उजळला. "ही कड कुरतडलेली विहीर." दुसरं उचललं. "हा हत्ती." मग तिसरं. "आन् हा माझा लंगडा घोडा! कुठं गेला हुतास रं?" रंग नव्हता, चित्र नव्हतं, तरी त्यानं एकेक पान नावानिशी ओळखलं. सगुणाला आशा वाटली. तिनं ती सगळी कापडं अंगणात उन्हात वाळत घातली. वाळता वाळता त्यांच्या कडा आक्रसल्या. ऊन उतरेपर्यंत ती सारी पानं भाजलेल्या पापडासारखी वाकडी झाली. लिंबाजीनं पुन्हा चाचपून पाहिलं. या वेळी त्याला एकही ओळखता आलं नाही.

"मामंजी," ती त्याच्या पायांवर पडली, "माझ्या हातानं मी तुमची फौज मोडली."

लिंबाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कासाराच्या घरात मोडली म्हणू नये, पोरी," तो म्हणाला. "वाढली म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून धर्मा गादीवर बसला. बाप आंधळा आहे हे सगुणाकडून कळल्यावर तोही फार रडला, पण बायांनी आंधळ्याच्या हातात हात द्यावा, असं सांगायचं कुणाला? श्रावणात गावातल्या बायका बांगड्या भरायला आल्या. लिंबाजीनं ओसरीवरून नुसत्या आवाजावरून एकेकीला ओळखलं, चौकशी केली, थट्टा केली. त्या गेल्यावर त्याची बोटं मात्र धोतराच्या काठावरून कितीतरी वेळ फिरत राहिली.

बापू गुरव रोज यायचा. एकदा सगुणानं त्याला विचारलं, "बापूकाका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता मी इतका घसा फोडून पान पुकारतो, ते काय हौस म्हणून?" बापू म्हणाला. "त्यो बोलला न्हाई, मीबी इचारलं न्हाई. त्याला ऐकू जावं एवढंच बघितलं."

सगुणानं नव्या पानांच्या कडांना सुरीनं खुणा केल्या. विहिरीला एक खाच, घोड्याला दोन. लिंबाजी ती पानं रोज चाचपायचा आणि तिचं मन राखण्यासाठी म्हणायचा, "येतंय, येतंय ध्यानात." पण दोन खाचांना कधी हत्ती म्हणायचा, कधी तोफ. शेवटी एका दुपारी त्यानं पानं गोळा करून तिच्या ओंजळीत दिली. "तू चांगल्या केल्यास खुणा. पर जुन्या खुणा माझ्यासंगं झिजल्या हुत्या गं. ह्या हाताला बसाया दुसरा जन्म लागंल."

पुढच्या जत्रेआधीच लिंबाजी गेला. बायका भेटायला आल्या तेव्हा त्यांच्या हातांत त्यानं भरलेल्या जुन्या बांगड्याही होत्या, आणि रडताना त्या वाजत होत्या.

सगुणा पुढे म्हातारी झाली. फौज बांधायला शिकायचं तर तिच्याकडेच, असा तिचा लौकिक झाला. कुणी आपली पानं घेऊन आलं आणि म्हणालं, "आजी, यातलं काय काढू?" तर ती आधी डोळे मिटायची. एकेका पानाच्या कडेवरून अंगठा फिरवायची. एखादं झिजलेलं, तुटकं पान लागलं की थांबायची. ते वाईट आहे असं ती कधीच म्हणाली नाही. ती फक्त विचारायची, "हे का ठेवलंयस, बाळा?" आणि उत्तर येईपर्यंत ते पान हातातून खाली ठेवत नसे.

तात्पर्य: दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याचं काही बदलायचं, तर ते त्यानं का जपलं आहे हे आधी त्यालाच विचारावं, न विचारता केलेला उपकार ज्याच्यावर केला त्यालाच उघडं पाडतो.